मुलुंडच्या डोक्यात माती

ऐकलंत का? नवघर रोडवरच्या एका सोसायटीची सर्वसाधारण सभा म्हणे परवा रात्री साडेअकरापर्यंत रंगली. विषय काय असेल? पुनर्विकास? नाही. पार्किंग? नाही. लिफ्टची देखभाल, पाण्याची टाकी, थकबाकीदारांची नावं नोटीस बोर्डावर? त्यातलं काहीच नाही. वाद पेटला होता तो कंपाउंडच्या भिंतीलगतच्या वाफ्यात शेणखत घालायचं की गांडूळखत, यावर! शेणखतवाले एका बाजूला, गांडूळवाले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बिचारे सेक्रेटरी, ज्यांचा स्वतःचा कल आतून शेंगदाणा पेंडेकडे. ठराव झालाच नाही. चहा मात्र दोनदा झाला, आणि त्याचा चोथा कुणी घरी न्यायचा यावरून तिसरा वाद झाला.

काय चाललंय काय मुलुंडमध्ये?

अहो, किती सरळ माणसं होती ही! सकाळी लोकल, संध्याकाळी भाजी, शनिवारी कालिदास नाट्यगृहात नाटक, रविवारी दुपारी ताणून झोप. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आता? ज्या गृहस्थांना उभ्या संसारात चहाची पावडर कुठल्या डब्यात असते ते ठाऊक नव्हतं, ते नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण झोपेत सांगतात. स्वतःची शुगर किती असं विचारलं तर बायकोच्या तोंडाकडे बघतात, पण मातीचा सामू विचारा, दशांशासकट उत्तर हजर. लोकलच्या लेडीज डब्यात पूर्वी सुना-सासवा निघायच्या, आता पिठ्या ढेकूण निघतो. ‘तुमच्या जास्वंदीला आहे का हो?’ हे इतक्या हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून विचारलं जातं की ऐकणारीला वाटावं, घरात कुणाचं तरी गंभीर आजारपण आहे. ‘होता. गेला. कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, वर चार थेंब भांडी घासायच्या लिक्विडचे. पण फवारायचं संध्याकाळीच हं, उन्हात पानं जळतात. आणि आधी मुंग्या घालवायच्या, त्याच मेल्या त्याला फांदीफांदीवर पोचवतात.’ हे संपेतो भांडुप-कांजूर मागे गेलेलं असतं आणि शेजारच्या दोन अनोळखी बायकांनी सगळं प्रमाण फोनमध्ये टिपून घेतलेलं असतं. विचारा त्यांना, घरी कुंड्या आहेत का? शपथेवर नाही म्हणतील!

तसं पाहिलं तर बाग मुलुंडला नवी नाही. 1922 च्या सुमारास क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतची आखणी केली, सरळ रस्ते पाडले, आणि त्यांच्या कडेने बैठी घरं, बंगले उठले. त्या अंगणांतून तगर, पारिजातक, जास्वंद सुखाने नांदली. त्यांची निगा म्हणजे काय? मोरीचं पाणी आळ्यात सोडलं की झाली निगा. कुणी तगरीला ‘आज कशी आहेस?’ विचारलं नाही आणि तगरीनेही कधी मान टाकली नाही. मग बंगले गेले, तीनमजली इमारती आल्या. त्या गेल्या, टॉवर आले. अंगण वर सरकत सरकत खिडकीबाहेरच्या दोन फुटांत येऊन बसलं. त्याचं नाव फ्लॉवर बेड.

आणि हा फ्लॉवर बेड आपल्या आयुष्यात आला कशापायी? फुलांच्या प्रेमापायी? छे, छे! चटई क्षेत्राच्या प्रेमापायी. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीखाली खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकात, धरला जात नव्हता. मग काय विचारता! बिल्डर मंडळींना फुलांचा असा काही पुळका आला की हॉलला फ्लॉवर बेड, बेडरूमला फ्लॉवर बेड, स्वयंपाकघराला फ्लॉवर बेड. नकाशे बघितले असते तर म्हैसूरच्या वृंदावन गार्डनला लाज वाटली असती. आणि ताबा मिळाल्यावर आपण काय केलं? त्यात मोगरा लावला? नाव सोडा. सत्यनारायणाच्या आधी गवंडी बोलावला. खिडकी उचकटून बाहेरच्या कडेला नेली, खड्ड्यात विटांचा चुरा ओतला, वर लादी बसवली आणि फ्लॉवर बेड आत घेतला. तिथे दिवाण टाकला. पाहुण्यांना त्याच दिवाणावर बसवून, पोहे पुढे करत, आवाज खाली आणून सांगितलं, ‘हे एवढं एक्स्ट्रा मिळालं बरं का!’ पाहुणेही कौतुकाने लादीवर पाय आपटून बघायचे. कारण त्यांनीही आपापल्या घरी तेच केलेलं.

अखेर तेव्हाचे पालिका आयुक्त सुबोध कुमार यांनी हा फुलांचा बाजार उठवला. 6 जानेवारी 2012 पासून सुधारित नियम लागू झाले. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे, पोकळ्या, सगळं एफएसआयमध्ये मोजायचं, आणि त्याच्या बदल्यात घरांसाठी 35 टक्के ‘फंजिबल’, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय अधिमूल्य भरून घ्यायचा. झालं! दुसऱ्या दिवसापासून बिल्डरांचं पुष्पप्रेम आटलं. नव्या इमारतींच्या नकाशांतून फ्लॉवर बेड असा काही नाहीसा झाला की कधी होता की नाही अशी शंका यावी.

आणि नेमकं आता, फ्लॉवर बेड गिळून ढेकर दिल्यानंतर, आपल्याला फुलं आठवली! याला म्हणतात वरातीमागून घोडं. ज्यांनी हौसेने लादी बसवली तेच दिवाणावर बसून खिडकीबाहेर हात काढून बघतायत, अजून एक कुंडी मावेल का. बॉक्स ग्रिल एवढं पुढे आलंय की समोरच्या इमारतीतल्या ग्रिलशी हस्तांदोलन व्हायचंच बाकी आहे. मुलुंड पश्चिमेच्या एका घरात तर म्हणे बसवलेली लादी पुन्हा फोडली, चुरा काढला आणि तिथे लाल माती भरली. हॉलच्या आत! दिवाण गेला, मोगरा आला. पाहुणे आता प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि त्यांना आधी चपला काढायला नव्हे, कळ्या मोजायला सांगतात.

बरं, माती म्हणजे काही कापूस नव्हे. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल असा वाफा ओल्या मातीने भरला की वजन टनाच्या वर जातं. टनाच्या! स्लॅबला विचारलंय का कुणी? पण सांगायची सोय आहे का? ‘माती हलकी आहे हो आमची, कोकोपीट घातलंय.’ हे कोकोपीट म्हणजे काय, माहीत आहे ना? नारळाच्या सोडणाचा भुसा. कोकणात आपल्या आज्यांनी जन्मभर ज्या सोडणांवर आंघोळीचं पाणी तापवलं, परसात ज्याच्या राशी पडून असायच्या आणि नेतो का म्हटलं तर कुणी फुकट नेत नसे, तोच भुसा आता वीट करून, वेष्टनात घालून, कुरियरने मुलुंडला येतो. पाच किलोची वीट भिजवली की घमेलंच्या घमेलं फुगते, सत्तर-पंचाहत्तर लिटरपर्यंत. भिजताना बघायला घरातली सगळी माणसं गोळा होतात. सावंतवाडीकडची एक सासू सुनेच्या घरी हा सोहळा बघून म्हणाली म्हणे, ‘अगो, येताना मीच पोतंभर घेऊन आले असते!’ आणि शेणाचं काय सांगावं? गोवऱ्यासुद्धा ऑनलाइन. त्याला तारे देतात लोक, पाचापैकी साडेचार. उरलेला अर्धा तारा कशाला कापला? शेणात कमी काय पडलं?

आता स्वयंपाकघराकडे वळू या, कारण खरा चावटपणा तिथेच आहे. घरातल्या माणसांना तांदूळ धुतलेलं पाणी कधी कुणी विचारलं होतं? आता ते बाटलीत भरून, तारीख लिहून ठेवतात. कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं कुटून, आंबट ताक पातळ करून. शाकाहारी घरात टरफलं कुठून येतात, हे विचारायचं नाही. शेजारणीकडून येतात, वर्तमानपत्रात गुंडाळून, अंधार पडल्यावर. फ्रिजच्या दारात डाव्या बाजूला लिंबाचं सरबत, उजव्या बाजूला केळीचं पाणी, आणि जावई नेमका उजवीकडे हात घालतो. त्याला कुणी काही सांगितलं नाही. पोटॅशच आहे, म्हणाल्या सासूबाई, बाधत नाही.

यावर ताण म्हणजे जीवामृत. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी शेतकऱ्यासाठी सांगितलेला प्रकार: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, किलोभर गूळ, किलोभर बेसन आणि मूठभर बांधावरची माती. शेतकऱ्यासाठी! एकरासाठी! आपल्या मंडळींकडे एकर कुठला? तीन कुंड्या आणि एक वाफा. पण हौसेला मोल नाही. पिंप आलं. गूळ आणि बेसन किराणावाल्याकडे एकदम मागितल्यावर त्याने विचारलं, ‘कार्य आहे का घरात?’ तर हो म्हणून मोकळे झाले. दुसऱ्या दिवसापासून मजल्यावर जो काही दरवळ सुटला, त्याची तक्रार करायला वरच्या काकू तणतणत खाली आल्या, आणि जाताना दोन बाटल्या भरून घेऊन गेल्या. याला काय म्हणावं? बरं, थोडक्यात भागवायचं तर कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचा रस्ता होता. गणिताचे प्राध्यापक, ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे. घरातला ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून थोडक्या जागेत जिवंत माती करता येते हे त्यांनी कधीच शिकवून ठेवलंय. पण त्याला काय लागतं? पाचोळा आणि धीर. पाचोळा सोसायटीत ढिगाने मिळतो. दुसरी वस्तू मुलुंडच्या बाजारात नाही.

शेवंतीचं प्रकरण तर पोलिसात जायचं तेवढं राहिलं. झालं असं की तळमजल्यावरच्या एका काकूंनी आपल्या वाफ्यात शेवंती लावली. फुटवे वेगळे करून, शेंडे खुडून, काटक्यांचा आधार देऊन, सगळं रीतसर. दिवाळी गेली तरी कळी नाही. काकूंनी चौकशी केली तेव्हा कळलं की शेवंती ही अंधाराची भोक्ती. रात्र लांबली की ती कळी धरते, आणि रात्रीचा दिवा अंगावर पडत राहिला तर दिवसच आहे असं समजून नुसती पानं काढत बसते. वर बघितलं तर काय? सोसायटीने नुकताच बसवलेला भलामोठा एलईडी, थेट शेवंतीच्या डोक्यावर! काकू सेक्रेटरींच्या दारात उभ्या.

‘तो दिवा रात्री बंद ठेवा.’

‘काकू, चोर येतील.’

‘चोर काय रोज येतायत? शेवंती वर्षातून एकदा येते!’

दिवा बंद झाला नाही. मग काकूंनी काय करावं? रोज संध्याकाळी पाच वाजता वाफ्यावर काळ्या छत्र्या उघडून ठेवायच्या, वर यजमानांचा जुना रेनकोट पांघरायचा, आणि सकाळी आठला सगळं काढायचं. भर थंडीत! नव्या वॉचमनने पहिल्या रात्री रेनकोटला तीनदा ‘कौन है?’ विचारलं. अख्खी इमारत हसली. व्हिडिओ फिरले. पुढे वाफाभर पिवळीधमक शेवंती फुलली आणि हसणं जरा ओसरलं. आणि यंदा? यंदा त्याच इमारतीत पाच ठिकाणी काळ्या छत्र्या उघड्या दिसतायत, आणि त्यातली एक सेक्रेटरींची आहे. ‘वाळत घातली आहे,’ म्हणाले. डिसेंबरात?

पण छत्र्या परवडल्या, फुलचोर नकोत. हा सज्जनांचा उद्योग आहे, हे आधी लक्षात घ्या. पहाटे साडेपाच. पांढरे बूट, माकडटोपी, एका हातात जपाची माळ, दुसऱ्या हातात दुधाची रिकामी पिशवी, आणि छत्रीची मोडकी दांडी, जिची मूठ नेमकी आकडीच्या कामाला येते. सोसायटीच्या कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंदीची फांदी दांडीने खाली ओढायची, फूल तोडायचं, फांदी सोडायची, पुढच्या फाटकाकडे. तोंडाने अथर्वशीर्ष चालू. एका ताईंनी एकदा गॅलरीतून रंगेहाथ पकडलं.

‘आजोबा, पाटी लावलीय तिथे, फुलं तोडू नयेत.’

‘देवासाठी आहेत गं बाळ.’

‘मग देवाला सांगा, शेणखताची पिशवी पाठव म्हणावं!’

आजोबा अजिबात वरमले नाहीत. उलट ताईंना वर बघून सल्ला दिला, ‘आणि ती तुझी मोगरी छाटली नाहीस अजून? जानेवारी संपत आला की पाणी थोडं तोडायचं, पानं झडू द्यायची, मग छाटायची, मग खत. उन्हाळाभर फुलं.’ ताईंनी मुकाट्याने छाटली. एप्रिलमध्ये मोगरा असा काही बहरला की विचारू नका. पहिली ओंजळ कुणी नेली, हे सांगायला हवं का?

आणि आपण तरी कुठले साव? रोपाची फांदी मागून आणली तर लागत नाही, चोरून आणली तरच जगते, हे शास्त्र आपल्यात कुणी शिकवलं? लग्नाच्या हॉलमधून, डॉक्टरांच्या दवाखान्यातून, व्याह्यांच्या गॅलरीतून, बँकेच्या दारातल्या कुंडीतून किती मनीप्लँट आजवर पर्समध्ये शिरले? चिंतामणराव देशमुख उद्यानात फिरायला जाणाऱ्यांच्या नखांत माती का असते? फेरीला जाताना कात्री कशाला लागते?

पश्चिमेकडे, योगी हिलच्या बाजूला तर आणखी वेगळी तऱ्हा. मागे राष्ट्रीय उद्यान, तिथून माकडं येतात आणि जास्वंदीच्या कळ्या खुडून खातात. ज्या भागात बिबट्याची चर्चा व्हायची, 2018 च्या जानेवारीत तर पूर्वेला नाणेपाड्यात बिबट्या शिरून त्याने माणसं जखमी केली होती, तिथल्या बायका आता सांगतात, ‘बिबट्या परवडला, तो निदान फुलं तरी खात नाही!’

पावसाळ्यातली रात्र बघायची असेल तर साडेदहानंतर जा. बॅटऱ्या हातात, हातमोजे चढवलेले, पायजमे गुडघ्यापर्यंत वर, अशी चांगली पेन्शनर माणसं वाफ्यांतून वाकून फिरताना दिसतील. घाबरू नका, गोगलगायी वेचतायत. ही मोठी शंखाची गोगलगाय आफ्रिकेची, 1847 मध्ये बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणून सोडली. साहेब गेला, हिने संसार थाटला. एका खेपेला शंभराच्या वर अंडी घालते आणि एका रात्रीत सदाफुलीचं रोप खराटा करून ठेवते. नवशिके वाफ्यातच मीठ टाकतात आणि माती नासवून बसतात. जाणते मिठाच्या पाण्याची बादली बरोबर घेऊन निघतात. सकाळी लिफ्टमध्ये आकडे सांगितले जातात. ‘काल तेवीस.’ ‘हॅ! आमच्याकडे एक्केचाळीस.’ कुणाच्या मुलाला बारावीला किती पडले, हे विचारायचं राहून जातं.

सगळ्यात गंमत येते ती बाटलेल्यांची. प्रत्येक इमारतीत एक काका असतातच, ज्यांनी सुरुवातीला सगळ्यात जास्त डोळे वटारलेले असतात. ‘लीकेज होतं, मुंग्या होतात, डास होतात, काढून टाका ती घाण!’ त्यांच्या पीओपीतून वरच्यांच्या गुलाबाचं पाणी टपकत होतं, तेव्हा रागही रास्तच. वरच्यांनी माफी म्हणून एक अडेनियम दिलं. काकांनी तिरस्काराने खिडकीत ठेवलं. मुद्दाम पाणी दिलं नाही. आता अडेनियमला तेच हवं असतं! पाण्याने त्याचा गड्डा कुजतो, कोरडं पडलं की खूश. महिन्याभरात गुलाबी फुलांचा घोस. काकांना वाटलं, आपल्या हाताला गुण आहे. तिथून जो पाय घसरला तो घसरलाच. आज त्यांच्याकडे अडेनियमची रांग आहे, प्रत्येकाला नाव आहे, आणि ते कुठल्याही लग्नाला जात नाहीत कारण ‘यांना कुणाच्या जिवावर सोडायचं?’ काकू म्हणतात, माझ्या बाळंतपणाला दोन दिवस रजा काढली नव्हती, परवा छाटणीला काढली.

दुसरे असतात परंपरावाले. यांच्या वाफ्यात परदेशी फूल येता कामा नये. ‘आपला झेंडू, आपला निशिगंध, आपली गुलबक्षी, आपली सदाफुली!’ त्यांना कुणी सांगावं की झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोचे, गुलबक्षीही अमेरिकेकडचीच, सदाफुली मादागास्करची, आणि कंपाउंडवरची ती अस्सल बोगनवेल ब्राझीलची? दसऱ्याचं तोरणच परदेशी निघालं तर काय करायचं? उरले मोगरा, अबोली वगैरे. आपण नाही बाई सांगायचो. सांगितलं तर वाफा उपटतील आणि रोपं वाटायला आपल्याच दारात येतील. तसं आलं तर, म्हणा, घेऊ.

राणीच्या बागेतलं पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन हे तर यांचं पंढरपूर. मुलुंड ते भायखळा, सेंट्रल लाइन, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही, मग विचारता काय? सकाळी रिकाम्या पिशव्या, दुपारी भरलेल्या कुंड्या. परतीच्या स्लो लोकलमध्ये सीटवर गुलाब, उभी माणसं. ‘जरा सरकता का, कलमी आहे.’ आणि लोक सरकतात हो! पोटुशी बाईला जागा देताना खिडकीबाहेर बघणारी माणसं गुलाबासाठी उठतात. त्यातलाच एखादा विचारतो, ‘डोळ्याच्या खालचे फुटवे काढता ना? नाहीतर रानगुलाब माजतो.’ हॉलंडात ट्यूलिपच्या एकेका कांद्यासाठी घरादाराएवढे पैसे बोलले जात होते आणि 1637 च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला, ही गोष्ट आपण हसत सांगतो. पण त्या डच लोकांनी निदान विकायला घेतले होते. आपलं काय? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि कोंबडी विकायची नाहीच!

याच मुलुंडने 1967 पासून शहराचा कचरा अंगावर घेतला. 2018 च्या ऑक्टोबरात डम्पिंग ग्राउंड बंद झालं तेव्हा पूर्वेकडच्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. कचऱ्याचं नाव नको, वास नको! आणि आज? पालिकेने 2017 मध्ये मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितला, तेव्हा बोंब मारणारेच आता खताच्या पिंपापाशी वशिला लावतात. ‘तयार खत किती? आमच्या विंगला किती? मागच्या वेळी बी विंगने जास्त नेलं.’ कचऱ्याची चोरी होऊ नये म्हणून पिंपाला कुलूप लावलेलं शहर आणखी कुठे असेल?

या सगळ्या धुडगुसात घाबरतात ते फक्त एकाला. पालिकेच्या टी वॉर्डाच्या कीटकनाशक खात्याच्या माणसाला. तो बेल वाजवतो आणि घरात धावपळ उडते. त्याला मोगऱ्याचं कौतुक नाही, अडेनियमचं नाही. तो खाली वाकतो आणि कुंडीखालची ताटली बघतो. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. ताटलीत अळ्या सापडल्या की नोटीस. सगळ्यात आधी तो बघतो ती टीव्हीशेजारची काचेची बरणी, मनीप्लँटची, आणि नशिबासाठी ठेवलेले बांबू. नशीब तिथेच उघडं पडतं. ‘पाणी रोज बदलते मी!’ असं सांगणाऱ्या वहिनींच्या बरणीकडे तो नुसता बघत राहतो, आणि बरणीत काहीतरी वळवळतं.

तेव्हा हे वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांनो, आधी उठा आणि ताटल्या रिकाम्या करा, दर आठवड्याला करा. पाऊस सुरू व्हायच्या आत वाफ्याची पाणी जायची भोकं काठी घालून मोकळी करा, म्हणजे खालच्या काकांचं पीओपी वाचेल. गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, भर पावसात नव्हे. आणि कुणाकडे केशरी अबोलीचे फुटवे जास्तीचे असतील, तर फेकू नका, आमच्याकडे पाठवा. एक कुंडी रिकामी आहे.